पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि आकडेमोड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मुंबई प्रांत, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र यांच्या सरकारप्रमुखांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. 1950 च्या आधी प्रांताच्या सरकारप्रमुखालाही ‘पंतप्रधान’ म्हणत, हे वाचताना लक्षात ठेवावे. यादी डिसेंबर 2024 पर्यंतची धरली आहे.

प्रश्न : देवेंद्र फडणवीस यांना कुठे अठरावे, कुठे एकविसावे मुख्यमंत्री म्हटलेले दिसते. बरोबर काय? (पुणे)

आधी मोजायचे काय ते ठरवावे लागते. 1 मे 1960 पासून मुख्यमंत्रिपदावर बसलेल्या व्यक्ती मोजल्या तर यशवंतराव चव्हाण पहिले. त्यांच्यानंतर मारोतराव कन्नमवार, बाळासाहेब सावंत, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील, शरद पवार, अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, शिवाजीराव पाटील निलंगेकर, सुधाकरराव नाईक, मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण असा क्रम लागतो. फडणवीस अठरावे, उद्धव ठाकरे एकोणिसावे आणि एकनाथ शिंदे विसावे. फडणवीसांनी 5 डिसेंबर 2024 रोजी पुन्हा शपथ घेतली तरी व्यक्ती म्हणून ते अठरावेच राहतात. ‘एकविसावे’ म्हणणारा शिंदे यांच्या विसाव्या क्रमांकात नुसता एक मिळवतो. त्यात व्यक्तींची मोजणी आणि कारकिर्दींची मोजणी यांची सरमिसळ होते.

कारकिर्दी मोजायच्या असतील तर सगळ्यांच्याच मोजाव्या लागतील. वसंतदादांच्या दोन, शंकररावांच्या दोन, पवारांच्या तीन, विलासरावांच्या दोन आणि फडणवीसांच्या तीन. इथे पदावर सलग राहून घेतलेली नवी शपथ वेगळी धरलेली नाही. या हिशेबाने डिसेंबर 2024 मधली कारकीर्द सत्ताविसावी ठरते. शपथविधी मोजले तर आकडा आणखी वाढतो, कारण वसंतराव नाईकांनी 1963, 1967 आणि 1972 अशी तीन वेळा शपथ घेतली, तरी मधे पद एक दिवसही सोडले नाही.

एक सूचना. सावंत यांना हंगामी म्हणून वगळणारे लोक आहेत. त्यांच्या मोजणीत कन्नमवारांनंतरचा प्रत्येक क्रमांक एकाने खाली येतो. दोन याद्यांत बरोबर एकाचा फरक दिसला की आधी सावंतांचे नाव शोधावे. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

प्रश्न : मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान बाळासाहेब खेर असे आम्ही शिकलो. साताऱ्यात मात्र सर धनजीशा कूपर यांचे नाव सांगतात. (सातारा)

साताऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. 1935 च्या कायद्यातली प्रांतिक स्वायत्तता 1 एप्रिल 1937 पासून अमलात आली आणि त्याच दिवशी कूपर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. खेर यांनी 19 जुलै 1937 रोजी सूत्रे घेतली. म्हणजे मधले साडेतीन महिने कूपर सरकारप्रमुख होते.

निवडणूक काँग्रेसने जिंकली असताना असे का झाले, हे समजून घ्यायला हवे. त्या वर्षीच्या निवडणुकीत मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 86 काँग्रेसला मिळाल्या. बहुमताला 88 हव्या होत्या, पण काँग्रेसच्या जवळपासही दुसरा पक्ष नव्हता. गव्हर्नरांनी काँग्रेसला बोलावले. गव्हर्नर आपले विशेषाधिकार मंत्र्यांच्या कामात ढवळाढवळ करण्यासाठी वापरणार नाहीत, असे आश्वासन काँग्रेसने मागितले. ते मिळाले नाही, म्हणून काँग्रेसने सत्ता नाकारली. कायदा तर सुरू झाला होता आणि मंत्रिमंडळ असणे भाग होते. तेव्हा गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपर यांना अल्पमताचे, अंतरिम मंत्रिमंडळ बनवायला सांगितले. बहुमत नसल्याने सभागृहापुढे जाणे या मंत्रिमंडळाला परवडणारे नव्हते. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांचे खुलासेवजा निवेदन आले, जुलैमध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने सत्तास्वीकाराचा निर्णय घेतला आणि कूपर पायउतार झाले.

खेर यांचे नाव पुढे आले तेही वादातूनच. मुंबईचे काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांना हे पद मिळेल, असे अनेकांनी गृहीत धरले होते. विधिमंडळ पक्षाने खेर यांना निवडल्यावर नरिमन यांच्या बाजूने सरदार पटेलांवर आरोप झाले, चौकशी झाली आणि तिचा निष्कर्ष पटेलांच्या बाजूने लागला.

खेर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात सात जण होते : स्वतः खेर, कन्हैयालाल मुनशी, अण्णासाहेब लठ्ठे, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर, नुरी आणि ल. मा. पाटील. काँग्रेसच्या ठरावाप्रमाणे मंत्र्यांनी महिना 500 रुपयांवर वेतन घ्यायचे नाही, असे बंधन होते.

म्हणून नोंद अशी करावी : पहिले पंतप्रधान कूपर (अंतरिम), लोकांनी निवडलेल्या बहुमताचे पहिले पंतप्रधान खेर. ‘पहिले’ या शब्दापुढे विशेषण न लावता खेर यांचे नाव लिहिले तर ती चूक आहे, मग ते पाठ्यपुस्तक असो की स्मारकाची पाटी.

प्रश्न : 1937 च्या आधी मग सरकारप्रमुख कोण होते? (ठाणे)

आजच्या अर्थाने कोणीच नाही. गव्हर्नर राज्यप्रमुखही होता आणि कारभारही त्याच्याच हातात होता. 1919 च्या कायद्याने 1921 पासून द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, महसूल, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याचे कार्यकारी मंडळ पाही, तर शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी सोपीव खाती मंत्र्यांकडे असत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईचे शिक्षणमंत्री झाले ते याच पद्धतीत. मंत्री होते, पण मंत्र्यांचा प्रमुख असे पद नव्हते आणि खर्चाच्या नाड्या कार्यकारी मंडळाकडे होत्या. त्यामुळे 1921 ते 1937 या काळातल्या कोणत्याही मंत्र्याला प्रांताचा पंतप्रधान म्हणता येत नाही.

त्या काळच्या मंत्र्यांत गुलाम हुसेन हिदायतुल्ला हे सिंधचे होते, कारण सिंध 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. प्रांत वेगळा झाल्यावर 1937 मध्ये ते सिंधचे पहिले पंतप्रधान झाले.

प्रश्न : आमच्या घरी 1938 चे एक वर्तमानपत्र आहे. त्यात ‘पंतप्रधान डॉ. खरे यांचा राजीनामा’ असा मथळा आहे. महाराष्ट्राच्या यादीत हे नाव सापडत नाही. (नागपूर)

सापडणार नाही, कारण नागपूर तेव्हा मुंबई प्रांतात नव्हते. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते आणि डॉ. नारायण भास्कर खरे त्या प्रांताचे पंतप्रधान होते. त्यांच्याआधी इथेही काँग्रेसच्या नकारामुळे ई. राघवेंद्र राव यांचे अंतरिम मंत्रिमंडळ होते, अगदी मुंबईत कूपर होते तसेच.

तुमच्याकडचा मथळा मोठ्या घटनेचा आहे. खरे यांच्या मंत्रिमंडळात मराठी भागातले आणि महाकोशलातले हिंदी भाषक मंत्री यांच्यात फूट पडली होती. जुलै 1938 मध्ये खरे यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही राजीनामे मागितले. पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ जाते, हा संसदीय संकेत त्यांनी धरला होता. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता या तिघांनी पक्षश्रेष्ठींच्या आदेशाशिवाय राजीनामा द्यायला नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवायला बोलावले. घटनेच्या चौकटीत ते बसत होते. काँग्रेसच्या दृष्टीने मात्र गव्हर्नराच्या मदतीने पक्षातले भांडण सोडवणे हा गंभीर शिस्तभंग होता. खरे यांना काही दिवसांतच पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि शुक्ल नेते झाले.

मंत्री कोणाला उत्तरदायी, सभागृहाला की पक्षाला, हा प्रश्न प्रांतिक राजकारणात इतक्या उघडपणे पहिल्यांदा इथे उभा राहिला. आमच्या मते खरे प्रकरण खेर मंत्रिमंडळाइतक्याच बारकाईने शिकवायला हवे. महाराष्ट्राच्या इतिहासात ते तळटिपेत जाते याचे एकच कारण, आजच्या सीमा मागे ओढून इतिहास लिहिण्याची सवय.

विदर्भाच्या वाचकाने आपली यादी अशी लावावी : राघवेंद्र राव, खरे, शुक्ल (नोव्हेंबर 1939 पर्यंत), मग गव्हर्नरची राजवट, 1946 पासून 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत पुन्हा शुक्ल, त्यानंतर यशवंतराव चव्हाण. शुक्ल 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला वारले.

प्रश्न : मराठवाड्यासाठी अशी यादी कशी होईल? (परभणी)

सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात निजामाचा सदर-ए-आझम, म्हणजे त्याने नेमलेला सरकारप्रमुख, असे. सर अकबर हैदरी, छतारीचे नवाब, सर मिर्झा इस्माईल, शेवटी मीर लायक अली. यांना निजाम नेमी. लोकांनी निवडलेल्या सभागृहाला ते उत्तरदायी नव्हते, म्हणून खेर किंवा खरे यांच्या रांगेत त्यांना बसवू नये. पोलीस कारवाईनंतर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर होते. 1950 मध्ये सनदी अधिकारी एम. के. वेलोडी नेमलेले मुख्यमंत्री झाले. 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्ण राव हे हैदराबाद राज्याचे पहिले निवडून आलेले मुख्यमंत्री झाले. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद या जिल्ह्यांचे मुख्यमंत्री बुर्गुलाच होते.

प्रश्न : ‘पंतप्रधान’ जाऊन ‘मुख्यमंत्री’ नेमके कधी आले? (रत्नागिरी)

26 जानेवारी 1950 रोजी. 1935 च्या कायद्यात ‘पंतप्रधान’ हे पद लिहिलेलेच नव्हते. त्यात मंत्रिमंडळ होते, आणि सभागृहात स्थिर बहुमत टिकवू शकेल अशा व्यक्तीच्या सल्ल्याने मंत्री नेमावेत, असे गव्हर्नरांना आदेशपत्रातून सांगितले होते. त्या व्यक्तीला व्यवहारात पंतप्रधान म्हणत. 15 ऑगस्ट 1947 नंतर दिल्लीत नेहरू पंतप्रधान आणि मुंबईत खेरही पंतप्रधान, अशी स्थिती जवळजवळ अडीच वर्षे होती. संविधानाने अनुच्छेद 163 आणि 164 मध्ये ‘मुख्यमंत्री’ हे पद घालून दिले. खेर यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत (30 मार्च 1946 ते 21 एप्रिल 1952) म्हणूनच दोन्ही पदनामे येतात. जुनी पत्रे वाचताना तारीख बघूनच पदनाम लावावे.

जम्मू-काश्मीर याला अपवाद होता. तिथे पंतप्रधान हे पदनाम 1965 पर्यंत चालले.

प्रश्न : निवडणूक हरलेला माणूस मुख्यमंत्री कसा होतो? मोरारजीभाईंबद्दल असे ऐकले. आणि सहा महिन्यांचा नियम नक्की काय? (सोलापूर)

ऐकलेले खरे आहे. 1952 च्या निवडणुकीत मुंबई राज्यात काँग्रेसने 315 पैकी 269 जागा जिंकल्या, पण मोरारजी देसाई बलसाड भागातल्या मतदारसंघात अवघ्या 19 मतांनी पडले. तरीही विधिमंडळ पक्षाने त्यांना नेता निवडले. 21 एप्रिल 1952 रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीने सभागृहात आले.

आधार अनुच्छेद 164(4) चा. सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, पण सलग सहा महिन्यांत सदस्य झाली नाही तर त्या मुदतीअखेर तिचे मंत्रिपद आपोआप जाते. वेगळ्या आदेशाची गरज पडत नाही. 1935 च्या कायद्यातही अशीच तरतूद होती.

इथे लोक तीन ठिकाणी चुकतात. ‘सदस्य’ म्हणजे विधानसभेचाच, असे नाही. ज्या राज्यात विधान परिषद आहे तिथे परिषदेचे सदस्यत्व पुरते. पृथ्वीराज चव्हाण नोव्हेंबर 2010 मध्ये दिल्लीहून आले, परिषदेचे सदस्य झाले आणि सप्टेंबर 2014 पर्यंत मुख्यमंत्री राहिले. दुसरी चूक अशी, की सहा महिने संपताना राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घेतली तर घड्याळ नव्याने सुरू होते, असे समजले जाते. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये एस. आर. चौधरी खटल्यात बंद केली : मधे निवडून न येता त्याच विधानसभेच्या काळात पुन्हा नेमणूक होऊ शकत नाही. तिसरी चूक म्हणजे ही सवलत अपात्र व्यक्तीलाही मिळते असे मानणे. शिक्षेमुळे निवडणूक लढवायलाच जो अपात्र आहे, त्याला सहा महिन्यांसाठीही मुख्यमंत्री नेमता येत नाही, हे त्याच वर्षी तमिळनाडूच्या प्रकरणात ठरले.

मुदत किती कडक असते ते 2020 मध्ये दिसले. उद्धव ठाकरे यांनी 28 नोव्हेंबर 2019 रोजी शपथ घेतली, म्हणजे मे 2020 च्या अखेरीपर्यंत सदस्य होणे भाग होते. साथीमुळे परिषदेच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. राज्यपालनियुक्त जागेवर त्यांना घ्यावे, अशी शिफारस मंत्रिमंडळाने केली. राज्यपालांनी तो मार्ग न धरता निवडणूक आयोगाला पत्र लिहिले. आयोगाने 21 मे ही मतदानाची तारीख दिली, निवडणूक बिनविरोध झाली आणि 18 मे रोजी ठाकरे यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली. जेमतेम दहा दिवस उरले होते.

प्रश्न : हंगामी, काळजीवाहू, अंतरिम हे शब्द कोणाला कोणता लावायचा? (चंद्रपूर)

‘अंतरिम’ शब्द कूपर यांच्यासारख्या मंत्रिमंडळाला शोभतो : बहुमताचा पक्ष तयार होईपर्यंतची सोय.

‘हंगामी’ म्हणजे सावंत. 24 नोव्हेंबर 1963 रोजी कन्नमवार पदावर असतानाच वारले. मुख्यमंत्र्याच्या मृत्यूबरोबर मंत्रिमंडळ संपते आणि राज्य मंत्रिमंडळाशिवाय ठेवता येत नाही. पक्षाला नवा नेता निवडायला मात्र काही दिवस लागतात. म्हणून ज्येष्ठ मंत्र्याला लगेच शपथ दिली जाते. सावंत 25 नोव्हेंबरपासून सुमारे दहा दिवस मुख्यमंत्री होते, 5 डिसेंबरला वसंतराव नाईक आले. पुढच्याच वर्षी नेहरूंच्या निधनानंतर दिल्लीत गुलझारीलाल नंदा यांना याच कारणाने शपथ द्यावी लागली. सावंतांचे अधिकार कायद्याने कुठेही कमी नव्हते. त्यांना यादीतून वगळायला म्हणूनच आधार नाही, असे आम्हाला वाटते.

‘काळजीवाहू’ हा राजीनामा दिल्यानंतरचा मुख्यमंत्री. पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहा, असे राज्यपाल सांगतात. त्याने नवे धोरण जाहीर करू नये, हा संकेत आहे, संविधानातले कलम नव्हे.

प्रश्न : एकाच मुख्यमंत्र्याच्या कार्यकाळाच्या तारखा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या का दिसतात? सर्वाधिक काळ कोण? (नाशिक)

कारण पद सोडण्याच्या तारखा तीन असू शकतात : राजीनामा दिला तो दिवस, तो स्वीकारला तो दिवस आणि उत्तराधिकाऱ्याने शपथ घेतली तो दिवस. विलासराव देशमुख यांनी मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2008 च्या पहिल्या आठवड्यात राजीनामा दिला, पण अशोक चव्हाण यांची शपथ 8 डिसेंबरला झाली. एकनाथ शिंदे यांचा राजीनामा 26 नोव्हेंबर 2024 चा, नवी शपथ 5 डिसेंबरची. नऊ दिवसांचा फरक इथेच पडतो. राष्ट्रपती राजवट आली तर चौथी तारीख येते. पृथ्वीराज चव्हाण यांनी 26 सप्टेंबर 2014 रोजी राजीनामा दिला आणि 28 सप्टेंबरला राजवट लागली.

आमची पद्धत अशी : शपथेपासून पुढच्या शपथेपर्यंत किंवा राजवट लागेपर्यंत कार्यकाळ धरायचा आणि राजीनाम्याची तारीख शेऱ्यात लिहायची. काळजीवाहू दिवस त्यामुळे हिशेबात राहतात, आणि राहायलाच हवेत, कारण त्या दिवशी फायलींवर सही त्याच माणसाची असते.

वसंतराव नाईकांचा हिशेब करून दाखवतो. 5 डिसेंबर 1963 ते 5 डिसेंबर 1974 ही पूर्ण 11 वर्षे. पुढे डिसेंबरचे 26, जानेवारीचे 31 आणि 21 फेब्रुवारी 1975 पर्यंतचे 21, असे 78 दिवस. म्हणजे 11 वर्षे 78 दिवस. दिवसांत हवे असेल तर 4015 मध्ये 1964, 1968 आणि 1972 या लीप वर्षांचे 3 आणि वरचे 78 मिळवा : 4096 दिवस. लीप वर्षे विसरणे ही इथली नेहमीची चूक.

नाईकांचा पहिला क्रमांक कोणत्याही मोजणीत हलत नाही. दुसरा मात्र हलतो. फक्त महाराष्ट्र धरला तर विलासराव दुसरे : 3 वर्षे 92 दिवस आणि 4 वर्षे 37 दिवस, एकूण 7 वर्षे 129 दिवस. 1937 पासून मोजले तर खेर यांच्या दोन कारकिर्दी मिळून आठ वर्षांच्या वर जातात आणि ते दुसरे ठरतात. यशवंतरावांचेही तसेच. 1 मे 1960 पासून धरले तर अडीच वर्षे, मराठी-गुजराती द्विभाषिक मुंबई राज्य धरले तर 1 नोव्हेंबर 1956 पासून सहा वर्षांहून थोडे अधिक. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनच्या युद्धात त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले गेले.

विधानसभेची पूर्ण पाच वर्षांची मुदत सलग पदावर राहून पार करणारे दोघेच : 1967 ते 1972 वसंतराव नाईक, 2014 ते 2019 देवेंद्र फडणवीस.

प्रश्न : सर्वांत तरुण मुख्यमंत्री शरद पवार, 38 व्या वर्षी. दुसरे फडणवीस. बरोबर? (बारामती)

पहिले नाव बरोबर, वय तपासा. जन्म 12 डिसेंबर 1940, शपथ 18 जुलै 1978 : पूर्ण झालेली वर्षे 37, अडतिसावे चालू होते. ‘38 व्या वर्षी’ चालेल, ‘वय 38’ चालणार नाही.

फडणवीस 31 ऑक्टोबर 2014 रोजी 44 वर्षांचे होते आणि फक्त महाराष्ट्र धरला तर दुसरे ठरतात. यशवंतराव (जन्म 12 मार्च 1913) यांनी द्विभाषिक मुंबई राज्याची शपथ घेतली तेव्हा त्यांना 43 पूर्ण होती. ती शपथ धरली तर दुसरे तेच.

प्रश्न : उपमुख्यमंत्रिपद संविधानात आहे का? माजी मुख्यमंत्री पुन्हा साधा मंत्री होऊ शकतो का? (जळगाव)

संविधानात हे पद नाही. उपमुख्यमंत्री मंत्री म्हणूनच शपथ घेतो आणि मुख्यमंत्री गेला तर आपोआप त्याच्या जागी येत नाही. असे पदनाम देणे घटनाबाह्यही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये सांगितले.

महाराष्ट्रात हे पद आघाडीच्या गरजेतून आले. 1978 च्या निवडणुकीत 288 पैकी जनता पक्षाला 99, काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी एकत्र येऊन सरकार केले, मुख्यमंत्री वसंतदादा आणि उपमुख्यमंत्री इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे. 69 आणि 62 मिळून 131 होतात, बहुमताला 145 हवेत, म्हणजे सरकार अपक्षांच्या आधारावर होते. जुलैमध्ये पवार आपल्या गटासह बाहेर पडताच ते कोसळले. पक्षांतरबंदीचा कायदा 1985 चा, त्यामुळे तेव्हा सदस्यत्व जाण्याची भीती नव्हती. 1978 ची आणि 2022 मधल्या एकनाथ शिंदे यांच्या बंडाची तुलना करताना हा फरक आधी सांगायला हवा. 2022 च्या प्रकरणात न्यायालयाने 11 मे 2023 च्या निकालात म्हटले, की ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती पुन्हा आणता येत नाही. राजीनाम्याची तारीख शेऱ्यात लिहा, असे आम्ही वर म्हटले ते अशासाठीही.

माजी मुख्यमंत्र्याने मंत्री होण्याला कसलीही आडकाठी नाही. शंकरराव चव्हाण 1978 मध्ये पवारांच्या मंत्रिमंडळात होते. नारायण राणे विलासरावांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले, अशोक चव्हाण ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात सार्वजनिक बांधकाम मंत्री. फडणवीस 2022 मध्ये उपमुख्यमंत्री झाले आणि 2024 मध्ये एकनाथ शिंदे.

प्रश्न : चार चव्हाण, दोन नाईक. यांची नाती काय? (यवतमाळ)

शंकरराव आणि अशोक चव्हाण हे पिता-पुत्र, नांदेडचे. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक हे काका-पुतणे, पुसदचे. यशवंतराव आणि पृथ्वीराज दोघेही कराडचे, पण एका घरातले नाहीत.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर मुख्यमंत्र्यांचा फलक लावायचा आहे. कसा आखावा म्हणजे चूक राहणार नाही? (वाई)

शीर्षकातच हद्द लिहा : ‘महाराष्ट्र राज्य, 1 मे 1960 पासून’ किंवा ‘मुंबई प्रांत, मुंबई राज्य व महाराष्ट्र, 1937 पासून’. दुसरी यादी घेतली तर यशवंतरावांच्या आधी कूपर, खेर, मोरारजी अशी तीन नावे येतील, सावंतांसह एकूण व्यक्ती 23 होतील, आणि 1 नोव्हेंबर 1956 व 1 मे 1960 या तारखांना आडव्या रेषा ओढून हद्द बदलल्याचे दाखवावे लागेल. पहिल्या रेषेशी मराठवाडा, विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ आले आणि बेळगाव, विजापूर, धारवाड, कारवार गेले. दुसऱ्या रेषेशी गुजरात वेगळा झाला, आणि यशवंतरावांच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री जीवराज मेहता तिथले पहिले मुख्यमंत्री झाले.

रकाने सहा पुरेत : क्रमांक, नाव, पदनाम, शपथेची तारीख, पद सोडल्याची तारीख, शेरा. क्रमांक व्यक्तीला द्या. तीच व्यक्ती परत आली की नवी ओळ घाला, पण क्रमांक जुनाच ठेवा.

रिकाम्या जागा लपवू नका. नोव्हेंबर 1939 मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेव्हापासून मार्च 1946 पर्यंत 1935 च्या कायद्याच्या कलम 93 खाली गव्हर्नरची राजवट होती. महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट तीनदा आली : फेब्रुवारी ते जून 1980, 28 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबर 2014 आणि 12 ते 23 नोव्हेंबर 2019. शेवटची राजवट 23 नोव्हेंबरच्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी उठली आणि त्याच सकाळी फडणवीस यांची शपथ झाली, त्यामुळे एकच तारीख दोन ओळींत येईल. ती छपाईची चूक समजून रंगाऱ्याने खोडू नये, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. आणि खाली चार-पाच ओळींची जागा मोकळी सोडा.